वायूचें दार

सोलापूर शहराची ओळख पुष्कळ काळ गिरणीच्या भोंग्यानें होत असे. १८७७ सालीं उभी राहिलेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या नरसिंगगिरजी, विष्णु व लक्ष्मी या गिरण्या, त्यांचीं उंच धुरांडीं आणि पाळी बदलतांना निघणारी कामगारांची रांग यांनीं या शहराचें चित्र घडविलें. ते भोंगे थांबून आतां कित्येक वर्षें लोटलीं. पण उद्योगाच्या इतिहासांत सोलापूरच्या नांवाशीं आणखी एक तारीख जोडली गेली आहे, आणि ती मात्र शहरांतल्या फारच थोड्या घरांना ठाऊक असेल. ती तारीख म्हणजे ३१ डिसेंबर २०१३. त्या रात्रीं सोलापूरजवळचें विजेचें उपकेंद्र व कर्नाटकांतील रायचूर यांना जोडणारी ७६५ किलोव्होल्टची, म्हणजे सात लक्ष पासष्ट हजार व्होल्टची, वाहिनी चालू झाली. भीमा व कृष्णा या दोन नद्या ओलांडून गेलेली ही वाहिनी लांबीनें सुमारें २०० किलोमीटर आहे. तोंवर दक्षिण भारताचें विजेचें जाळें वेगळें होतें आणि उर्वरित देशाचें वेगळें. त्या रात्रींपासून दोन्ही जाळीं एक झालीं, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं वीजयंत्रें एकाच तालांत फिरूं लागलीं.

एवढ्या मोठ्या घटनेंत प्रत्यक्ष हललें तें काय, असें विचारलें तर उत्तर विस्मयकारक आहे. वाहिनीच्या टोकाशीं असलेल्या बंद नळकांड्यांत, दाबून भरलेल्या वायूमध्यें, धातूचा एक दांडा वीतभर सरकला. असा दांडा समोरच्या खोबणींत पोहोंचण्यापूर्वींच मधल्या वायूंतून ठिणगी पडते, आणि पहिली वीज त्या ठिणगीवरूनच पलीकडे जाते. धातूला धातु लागण्याआधीं वायु वाट देतो. या दृष्टीनें पाहिलें तर तो वायु म्हणजे एक दारच होय. या दाराला कुशल करण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं व कारागिरांनीं सव्वाशें वर्षांहून अधिक काळ खर्च केला आहे. सोलापूरच्या त्या रात्रींचा खरा अर्थ समजण्यास त्या दाराचा इतिहास जाणणें अवश्य आहे.

वाड्याच्या दिंडीदरवाजाकडून तीन कामांची अपेक्षा असते. बंद असतांना त्यानें कोणालाही आंत येऊं देऊं नये. आज्ञा होतांच तो तत्काळ उघडावा. आणि काम झालें कीं पूर्वींसारखाच घट्ट मिटावा. वायूच्या दाराचींही हींच तीन कामें. साधी हवा विजेला अडविते. एका सेंटिमीटरच्या अंतरावर ती सुमारें तीस हजार व्होल्टपर्यंत दम धरते. दाब त्याहून वाढला कीं ठिणगी पडते, आणि क्षणापूर्वीं भिंत असलेली हवा तारेसारखी वाहक बनते. येथवर सारें सोपें आहे. अवघड काम तिसरें. ठिणगी विझल्यावरही ती वाट कांहीं काळ तप्त राहते, तेथें विजेचे सुटे कण भटकत असतात, आणि दुसऱ्यांदां दाब येतांच वीज ओळखीच्या वाटेनें पुन्हां धांवते. वायूच्या दाराचा सारा इतिहास वस्तुतः एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतो. तो प्रश्न म्हणजे, झालेली ठिणगी वायूनें लवकरांत लवकर विसरावी कशी?

हें दार मनुष्याला प्रथम भेटलें तें खेळण्याच्या रूपानें. १७४५-४६ च्या सुमारास युरोपांत लेडनची बरणी निघाली. कांचेच्या बरणींत विजेचा सांठा करून ठेवावा आणि बोट जवळ नेतांच चटकन् ठिणगी पडावी, याचें त्या काळच्या दिवाणखान्यांतून मोठें कौतुक होत असे. त्या कौतुकाचें शास्त्र होण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १८८७ सालीं हाइन्‍रिख हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ दोन गोळ्यांमधील ठिणगीच्या साहाय्यानें विजेच्या लहरी निर्माण करीत होता. त्यास आढळलें कीं, एका ठिणगीचा प्रकाश दुसऱ्या फटीवर पडूं दिला तर तेथील ठिणगी अधिक लांब उडी घेते. मध्यें साधी कांच धरली कीं ती उडी आंखूड होते. ठिणगींतून निघणारे अतिनील किरण दुसऱ्या फटीला जणूं जागें करीत होते. हें निरीक्षण पुढें फार कामीं आलें.

दोनच वर्षांनीं, १८८९ मध्यें, फ्रीडरिख पाशेन यानें दाराच्या भक्कमपणाचा नियम सांगितला. ठिणगी केव्हां पडेल हें केवळ अंतरावर अथवा केवळ वायूच्या दाबावर अवलंबून नसून त्या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतें, असा तो नियम. व्यवहारांत त्याचा अर्थ असा कीं, वायु दाबून भरला तर थोड्या अंतरांतही मोठा दाब अडवितां येतो. आजच्या बहुतेक वायुपूर्ण खटक्यांचें बीज या एका नियमांत आहे.

नियम कळला, पण ठिणगी पडतांना आंत काय घडतें तें ऑक्सफर्डच्या जॉन टाउनसेंड यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं उलगडून दाखविलें. वायूंत भटकणारा एखादा सुटा विद्युत्कण दाबानें वेग घेतो, वाटेंतल्या अणूवर आदळतो आणि त्यांतून दुसरा कण मोकळा करतो. एकाचे दोन होतात, दोहोंचे चार, चारांचे आठ. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट करीत जाण्याची जुनी गोष्ट घरोघर ठाऊक आहे. तसाच हा हिशेब. अवघ्या वीस पायऱ्यांत एका कणाचे दहा लक्षांहून अधिक कण होतात. १९४० च्या सुमारास जर्मनींत रेथर यानें आणि इतरत्र लोब व मीक यांनीं या समजुतींत भर घातली. हा लोंढा एका मर्यादेपलीकडे गेला कीं तो स्वतःच्याच विजेच्या बळावर व प्रकाशावर बाणासारखा पुढें धांवतो, हें त्यांनीं दाखविलें. ठिणगी इतकी चपळ कां असते, या कोड्याचें उत्तर तेव्हां कोठें मिळालें.

या इतिहासांत भारताचें पहिलें पाऊल कलकत्त्यास पडलें. प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बसु हे १८९५ च्या सुमारास अत्यंत आंखूड विजेच्या लहरींवर प्रयोग करीत होते. त्यांच्या उपकरणाचें हृदय म्हणजे एक इवलीशी ठिणगीची फट. पुनःपुन्हां ठिणगी पडून धातूचा पृष्ठभाग खरखरीत होई आणि लहरी अनियमित निघत. बसूंनीं ठिणगीच्या जागीं प्लॅटिनम वापरलें. हा धातु सहसा झिजत नाहीं. त्यामुळें ठिणग्या एकसारख्या पडूं लागल्या. ही सुधारणा किरकोळ वाटेल. पण दाराची चौकट झिजली तर दार नीट मिटत नाहीं, हें सूत्र तेव्हांपासून आजतागायत बदललेलें नाहीं. आज मोठ्या खटक्यांतून टंग्स्टन व तांबें यांचें मिश्रण वापरतात, त्यामागेंही तोच विचार आहे.

विसाव्या शतकांत वीज प्रयोगशाळेंतून डोंगरदऱ्यांत उतरली. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रांतून सुमारें एक लक्ष व्होल्ट दाबाची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत तारा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवें भय आलें. ज्या तारा वीज वाहून नेत, त्यांवर आकाशांतली वीजही कोसळूं शके. वळवाच्या पावसांतला एक लोळ चिनीमातीचे विसंवाहक फोडून टाकूं शकतो. अशा आघातास कोणता विसंवाहक टिकेल हें आधीं कळावयाचें, तर प्रयोगशाळेंतच वीज पाडावयास हवी. जगांतील सर्वच वीजकंपन्यांपुढें हा प्रश्न होता.

त्याचें सर्वांत सुबक उत्तर १९२४ च्या सुमारास जर्मनींतील एर्विन मार्क्स या अभियंत्यानें दिलें. त्याच्या यंत्राची कल्पना पाण्याच्या घागरींवरून समजतें. दहा घागरी जमिनीवर शेजारीं शेजारीं ठेवून सावकाश भराव्या आणि मग क्षणांत एकीवर एक रचून उतरंड करावी, म्हणजे पाण्याची उंची दहापट होईल. मार्क्सनें घागरींच्या जागीं विजेचा सांठा करणारे कंडेन्सर घेतले. ते शेजारीं शेजारीं जोडून भरावयाचे, आणि नंतर ठिणगीच्या फटींच्या द्वारां एकाएकीं एका ओळींत आणावयाचे. उतरंड रचणारे हात म्हणजे त्या ठिणग्याच. पहिली फट पेटली कीं तिचा प्रकाश पुढच्या फटींवर पडतो. हर्ट्झला दिसलेला अतिनील किरणांचा गुण येथें उपयोगीं पडतो, आणि सर्व फटी क्षणार्धांत मागोमाग पेटतात. एक लक्ष व्होल्टनें भरलेले दहा टप्पे दहा लक्ष व्होल्टच्या जवळपास दाब देतात. कृत्रिम वीज मनुष्याच्या आज्ञेंत आली.

यानंतर या विद्येच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेचें काम दार अचूक क्षणीं उघडण्याचें. दुसरीचें काम तें अचूक क्षणीं मिटण्याचें. पहिल्या शाखेला वेग दिला तो दुसऱ्या महायुद्धानें. रडारला दर सेकंदास शेंकडों वेळां विजेचे अत्यंत आंखूड व जोरदार ठोके लागत. साध्या हवेंतील ठिणगीची फट त्या कामास अपुरी पडे, कारण मोठी ठिणगी विझल्यावर तेथील हवेला पूर्ववत् होण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग तरी लागतो. यावर दोन उपाय निघाले. फट फिरत्या चक्रावर बसवावी, म्हणजे प्रत्येक ठिणगीला नवी, थंड जागा मिळते. दुसरा उपाय वायूच बदलण्याचा. अमेरिकेंत केनेथ जर्मेशाउसेन यानें हायड्रोजननें भरलेली नळी सिद्ध केली. हायड्रोजन सर्वांत हलका. त्यांतील उष्णता फार त्वरेनें पसरून जाते, आणि म्हणून तो ठिणगीही त्वरेनें विसरतो. त्याच काळांत इंग्लंडमध्यें तिसऱ्या अग्राची युक्ति निघाली. मुख्य फट थोडी कमी दाबावर सज्ज ठेवावयाची, आणि शेजारच्या चिमुकल्या सुईवर लहानशी ठिणगी पाडून तिला इशारा द्यावयाचा. दरवाजावर पहारेकरी बसवावा तशी ही योजना.

युद्धानंतर इंग्लंडमधील ऑल्डरमॅस्टन येथें जे. सी. मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या विद्येला स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. शक्ति सावकाश सांठवावी आणि क्षणाच्या अतिसूक्ष्म भागांत मोकळी करावी, हें त्या शास्त्राचें सार. लोहाराचा हात घण सावकाश उचलतो, पण घाव निमिषांत पडतो. त्यांतलाच हा प्रकार. वैद्यकांतही त्याचा उपयोग झाला. १९८० सालीं म्युनिकमध्यें पाण्याखालीं विजेची ठिणगी पाडून, तिच्या धक्क्यानें, शस्त्रक्रिया न करितां रुग्णाच्या मूत्रपिंडांतील खडा प्रथमच फोडण्यांत आला.

महाराष्ट्रांत या शाखेचें माहेर म्हणजे मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथें १९८९ पासून ‘किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर’ या नांवाच्या यंत्रमालेचें काम चालूं झालें. त्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून ‘काली’ हा शब्द झाला, आणि वृत्तपत्रांनीं त्यावरून नाना तर्क लढविले. प्रत्यक्षांत तें यंत्र म्हणजे मार्क्सच्या उतरंडीचाच थोर वारस आहे. मार्क्स-यंत्रानें उत्पन्न केलेला प्रचंड दाब तेलांत बुडविलेल्या वाहिनींत क्षणभर धरावयाचा, आणि ठिणगीच्या फटींतून सोडून इलेक्ट्रॉनांचा झोत बनवावयाचा. २००४ सालच्या ‘काली-५०००’ या यंत्राचा ठोका सुमारें एका सेकंदाच्या कोट्यंशाएवढा आहे. पण तेवढ्या वेळांत दाब दहा लक्ष व्होल्टच्या घरांत जातो आणि प्रवाह हजारों अँपिअरचा असतो. अशा झोतापासून क्ष-किरणांचा व सूक्ष्मलहरींचा प्रखर मारा करितां येतो. एखादें नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरण अशा माऱ्याला किती तोंड देऊं शकेल, याची परीक्षाही त्यानें होते.

अशा यंत्रांत ठिणगीच्या फटीचे चार दोष कारागिरांना छळतात. पहिला अधीरपणा : आज्ञेपूर्वींच ठिणगी पडणें. दुसरा अनियमितपणा : आज्ञा व ठिणगी यांतील अंतर दर वेळीं निराळें असणें. तिसरा मंदपणा : झालेली ठिणगी लवकर न विसरणें. चौथा झीज. एकाचा उपाय केला कीं दुसरा डोकें वर काढतो, हीच खरी अडचण. अधीरपणा टाळण्यासाठीं वायूचा दाब वाढवावा, तर इशारा मिळूनही ठिणगी आळसावते. अनियमितपणा टाळण्यासाठीं फट अगदीं काठावर सज्ज ठेवावी, तर ती अधीर होते. मंदपणावर उपाय म्हणून वायूचा झोत फटींतून सोडतात, म्हणजे तापलेला वायु वाहून जातो व ताजा येतो; पण तो झोतही बेताचा व एकसारखा असावा लागतो. झीज थोपविण्यासाठीं एका जाड ठिणगीऐवजीं शेजारीं शेजारीं अनेक बारीक ठिणग्या एकाच क्षणीं पाडतात. त्यामुळें भार वांटला जातो आणि वीजही अधिक चटकन् वाढते. वायूचा दाब, फटीचें अंतर, धातूची जात, इशाऱ्याचा जोर, झोताचा वेग या पांच दोऱ्या एकदम ताणून धरणें हेंच या विद्येंतील कौशल्य.

दुसरी शाखा, म्हणजे दार मिटण्याची विद्या, घराघरांतील दिव्यांशीं अधिक जवळची आहे. वाहिनीवर झाड पडलें अथवा तार तुटली कीं क्षणांत चाळीस-पन्नास हजार अँपिअरपर्यंत प्रवाह उसळूं शकतो. तो तोडणाऱ्या खटक्यास ‘सर्किट ब्रेकर’ म्हणतात. दांडा मागें ओढला तरी प्रवाह थांबत नाहीं. तो दोन टोंकांमध्यें ज्योत बनून जळत राहतो, आणि त्या ज्योतीचें तपमान दहा हजार अंशांच्याही वर जातें. सुदैवानें घरगुती वीज दर सेकंदास शंभर वेळां क्षणभर शून्यावर येते. तो शून्याचा क्षण साधून ज्योतीची वाट थंड केली तर ती पुन्हां पेटत नाहीं. साधली नाहीं, तर शून्यानंतर लगेच उसळणारा दाब जुन्या वाटेनें पुन्हां वीज ओढून आणतो. येथेंही प्रश्न तोच : वायूनें विसरावें किती लवकर?

आरंभीं हें काम तेलांत करीत. तेल ज्योत विझवी, पण कधीं कधीं स्वतःच पेट घेई. पुढें दाबलेल्या हवेचा जोरदार झोत वापरूं लागले. असे खटके सुटतांना तोफेसारखा आवाज होई. निर्णायक बदल घडला तो एका जुन्या वायूमुळें. १९०० सालीं पॅरिसमध्यें आंरी म्वासां व पॉल लबो यांनीं गंधकाचा एक व फ्लोरीनचे सहा अणु असलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायु तयार केला होता. रंग नाहीं, वास नाहीं, विषारीपणा नाहीं, जळणें नाहीं; असा हा निरुपद्रवी वायु पुष्कळ वर्षें प्रयोगशाळेंतलें कौतुक म्हणून राहिला. पण त्याला एक विलक्षण संवय आहे. भटकणारा सुटा विद्युत्कण दिसला कीं तो त्यास पोटांत घेतो. एकाचे दोन, दोहोंचे चार हा लोंढा सुरू होण्यापूर्वींच तो खुडून टाकतो. त्यामुळें तो साध्या हवेच्या अडीच ते तीन पट दाब अडवितो, आणि ज्योत विझतांच भंगलेले त्याचे अणु पुन्हां एकत्र येऊन वायु बहुतांशीं पूर्ववत् होतो. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या वायूचे खटके बनूं लागले आणि कांहीं दशकांत उच्च दाबाच्या क्षेत्रांतून तेल व हवा यांना त्यानें जवळजवळ हद्दपार केलें. महाराष्ट्रांतही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतींत असे खटके तयार होऊं लागले.

आतां सोलापूरकडे परत येणें सोपें आहे. देशाचीं निरनिराळीं विजेचीं जाळीं हळूहळू जोडलीं जात होतीं. २००६ सालीं उत्तरेचें जाळें पूर्व, ईशान्य व पश्चिमेच्या जाळ्यांशीं एकताल झालें. दक्षिण मात्र वेगळी राहिली. तिच्याशीं जोड होता तो एकदिश प्रवाहाच्या केंद्रांतून. चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती हें त्यांपैकींच एक. अशा केंद्रांतून मोजून मापून वीज पाठवितां येते, पण एका बाजूचा ताल दुसरीला लागत नाहीं. यांत सुरक्षितता होती आणि तोटाही होता. दक्षिणेंत विजेची टंचाई असतांना इतरत्र शिल्लक असलेली वीज तिकडे पुरेशी नेतां येत नसे.

मग ३० व ३१ जुलै २०१२ हे दिवस उजाडले. पहिल्या दिवशीं उत्तरेचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन. ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशांतील वीज गेली, आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, बंगालमध्यें खाणकामगार जमिनीखालीं अडकून पडले. आरंभ झाला तो बिना व ग्वाल्हेर यांमधील एका वाहिनीवरून. तीवर भार फार वाढला होता; संरक्षक यंत्रानें त्या भारालाच बिघाड समजून खटक्याला आज्ञा दिली, आणि खटक्यानें ती बिनचूक पाळली. दार उत्तम होतें. पहारेकऱ्याची आज्ञा चुकली. दक्षिण भारत या संकटांतून वांचला, कारण त्याचा ताल निराळा होता.

ही आठवण ताजी असतां, अवघ्या सतरा महिन्यांनीं, दक्षिणेला त्याच जाळ्याशीं एकताल करावयाचें होतें. सोलापूर–रायचूर वाहिनीचा प्रश्न म्हणूनच केवळ तारा ओढण्याचा नव्हता. ज्या अंतरानें दक्षिणेला वांचविलें तेंच अंतर बुजवावयाचें होतें. एकत्र राहण्यांत बळ आहे हें खरें. पण एकाचा आजार सर्वांना लागण्याचें भयही त्यांतच आहे. अशा वेळीं सारा विश्वास एका गोष्टीवर टाकावा लागतो. बिघाड होतांच आजारी अवयव निरोगी देहापासून वेगळा करणारें दार सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागांत मिटलें पाहिजे, आणि मिटल्यावर पुन्हां पेटतां कामा नये. वायूच्या विसरण्याचा वेग हा येथें कोट्यवधि घरांच्या दिव्यांचा प्रश्न होतो.

जोड करतांनाही कौशल्य लागतें. दोन्ही बाजूंचा दाब, त्यांची आवर्तनें आणि त्या लाटांचे चढ-उतार जुळले पाहिजेत. दोन धांवत्या गाड्या शेजारीं शेजारीं येऊन एकाच वेगानें चालूं लागल्यावरच माणसानें एकींतून दुसरींत पाऊल टाकावें, तसें. एवढ्या लांब वाहिनीवर वीज एकदम सोडली तर तिची लाट दूरच्या टोकावर आपटून जवळजवळ दुप्पट उंचीनें परत येऊं शकते. म्हणून अशा खटक्यांत मुख्य दारापूर्वीं सेकंदाच्या शतांशाएवढा वेळ रोधकाचें एक अरुंद दार उघडतात, म्हणजे लाटेचा पहिला जोर मोडतो. एका नळकांड्यावर सारा दाब न टाकतां एकाहून अधिक तुटी ओळीनें ठेवतात, म्हणजे भार वांटला जातो. मार्क्सनें दाब वाढविण्यासाठीं फटींची ओळ मांडली. येथें दाब सोसण्यासाठीं तीच मांडावी लागते. ३१ डिसेंबरच्या त्या रात्रीं हें सारें जुळून आलें. जोड झाल्यावरही एकदम मोठा भार न टाकतां तो बेताबेतानें वाढविण्याचें धोरण ठेवलें गेलें, आणि २०१४ सालीं शेजारून दुसरी समांतर वाहिनीही आली.

या यशाची एक किंमत आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. ज्या वायूनें हें दार इतकें विश्वासू केलें, तो स्वतः मात्र नाहींसा होत नाहीं. सल्फर हेक्झाफ्लोराइड हवेंत निसटला तर वजनागणिक कर्बाम्ल वायूच्या वीस हजार पटींहून अधिक उष्णता पृथ्वीभोंवतीं अडकवून ठेवतो. आणि निरनिराळ्या अंदाजांप्रमाणें तो वातावरणांत एक हजार ते तीन हजार वर्षें टिकतो. त्याच्या स्थैर्याचा जो गुण नळकांड्यांत उपकारक, तोच आकाशांत घातक ठरतो. १९९७ च्या क्योटो करारानें त्यास आटोक्यांत ठेवण्याजोग्या वायूंच्या यादींत घातलें, आणि युरोपीय संघानें २०२४ च्या नियमानें नव्या विद्युत्-खटक्यांतून तो टप्प्याटप्प्यानें काढून टाकण्याचें ठरविलें. कमी दाबांसाठीं निर्वात नळ्यांचे खटके पूर्वींपासून आहेत. उच्च दाबांसाठीं शुद्ध कोरडी हवा आणि कर्बाम्लाशीं मिसळलेले दुसरे फ्लोरीनयुक्त वायु यांवर काम चाललें आहे. सात लक्ष व्होल्टांच्या दाराला मात्र जुन्या वायूच्या तोडीचा दुसरा वायु शोधणें अत्यंत बिकट आहे. तोंवर गळती न होऊं देणें, दुरुस्तीच्या वेळीं वायु परत गोळा करून ठेवणें, हींच साधीं कामें सर्वांत मोलाचीं ठरतात.

सोलापुरांत आज गिरण्यांचा भोंगा नाहीं, पण यंत्रमागांचा आवाज आहे. चादरी व टॉवेल विणणाऱ्या त्या मागांना दूरवरच्या ठिणग्यांची वार्ताही नसते. वीज गेली कीं माग थांबतो, आणि माग थांबला कीं विणकराची मजुरीही थांबते, एवढाच त्यांचा या इतिहासाशीं संबंध. पण तो संबंध लहान नाहीं. शहराबाहेरच्या त्या उपकेंद्रांत नळकांड्यांतील वायु रात्रंदिवस भिंत होऊन उभा असतो. क्वचित् एखाद्या क्षणीं तो ज्योत होतो, आणि डोळ्यांचें पातें लवण्यापूर्वीं ती ज्योत विसरून पुन्हां भिंत होतो. तो जितक्या लवकर विसरेल तितका माग अखंड चालेल. आणि तो नळकांड्याबाहेर जितका कमी जाईल तितकें पुढच्या पिढ्यांचें आकाश निवळ राहील.